परकारसाहेबांचा बोळ

रस्त्यात कुणी धक्का मारून पुढे गेलं की तुम्हीआम्ही वैतागतो. निसार परकार खूश व्हायचे. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते करोल बागेत, असेच धक्के खाताना. माझ्या मुलीच्या लग्नाची खरेदी होती. साड्यांतलं कळतं म्हणून मी शेजारच्या राबियावहिनींना बरोबर घेतलं होतं आणि पिशव्या धरायला म्हणून त्यांचे यजमान आले होते. शनिवारची संध्याकाळ, बाजार तुडुंब भरलेला. समोरून एक धिप्पाड बाई आली, तिच्या कोपराने परकारसाहेबांची बरगडी शेकून काढली आणि "भाईसाहब, साइड" म्हणत ती मागे न बघता निघून गेली.

"काय बाई आहे," वहिनी म्हणाल्या. परकारसाहेब बरगडी चोळत होते आणि हसत होते. म्हणाले, "राबिया, हा रस्ता ठणठणीत आहे. ज्या रस्त्यावर आपल्याला कुणी बाजूला व्हा म्हणत नाही, तो आजारी समजायचा."

माणूस जरा चक्रम आहे, असं मी तेव्हा मनात नोंदवून टाकलं. पुढे त्यांची बरीच वर्षं ओळख राहिली आणि मला माझं मत पूर्ण बदलावं लागलं नाही. ते चक्रम होतेच. फक्त असे चक्रम लोक आणखी थोडे असते तर दिल्ली राहायला बरी झाली असती, एवढी भर मी त्यात घालीन.

ते टाउन प्लॅनर होते, म्हणजे नगररचनाकार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले कोकणी मुसलमान. शिकायला म्हणून दिल्लीत आले, सरकारी नोकरी लागली आणि इथलेच झाले. आमची सोसायटी दिल्लीच्या पश्चिमेकडे, केंद्र सरकारात नोकऱ्या करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांनी मिळून उभी केलेली. कुणी अर्थखात्यात, कुणी रेल्वेत, मी भाषांतर विभागात. आमच्याकडे गणपती दहा दिवसांचा असतो, साबुदाण्याची खिचडी दिल्लीतल्या थंडीतही दाणेदार होते आणि आमची मुलं "उंबरठा" म्हटलं की आमच्या तोंडाकडे बघतात. तर या सोसायटीत परकारसाहेबांना समोरच्या बाजूचा, बागेकडचा फ्लॅट सहज मिळत होता. त्यांनी मागच्या अंगाचा, तळमजल्यावरचा, भिंतीला भिडलेला फ्लॅट घेतला. का, तर हा सगळा सेक्टर त्यांच्या ऑफिसाने आखलेला, आणि मागची बाजू त्यांच्या स्वतःच्या हातची.

"हा काय देवाचा नैवेद्य आहे का न चाखता वाढायला?" ते म्हणायचे. "आपण रांधलं, आधी आपण खाऊन बघायचं." त्यांचे बरोबरीचे लोक कडुनिंबांच्या सावलीतल्या सरकारी बंगल्यांत राहून शहराच्या कडेच्या वस्त्या आखत. परकारसाहेब जी वस्ती आखतील तिथे घर भाड्याने घेत आणि वहिनींना संसार पाठीवर घेऊन फिरायला लावत. एका वस्तीत नळाला सकाळी पाणी येईना, तेव्हा वहिनींनी रिकाम्या बादल्या त्यांच्या ड्रॉइंग-बोर्डाशेजारी मांडून ठेवल्या होत्या. ही गोष्ट ते स्वतःच कौतुकाने सांगत.

नकाशा वाचायची त्यांची एक रीत होती. मी ती कितीदा पाहिली असेल, पण कंटाळा आला नाही. तर्जनी आणि मधलं बोट हे दोन पाय. ते पाय नकाशावर ठेवायचे आणि सोंग घ्यायचं. "आता मी सासूबाई आहे. गुडघे धरलेत. दूध आणायला निघाले." मग बोटं लंगडत लंगडत निघायची. "इथे फूटपाथ संपला. उतरले. इथे परत चढायचंय, पायरी फूटभर उंच. नाही चढत. दूध नको, बिनदुधाचा चहा पिते." पुढच्या खेपेला ती बोटं शाळेतली मुलगी व्हायची, नाहीतर डोक्यावर पाटी घेतलेला हमाल. नवीन पोरं लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं घेऊन यायची, त्यांनाही ते स्क्रीनवर बोटं ठेवून चालायला लावायचे. स्क्रीनवर डाग पडतात म्हणून पोरं चरफडायची. तरी त्यांच्यापैकी दोघांना मी पुढे एका कार्यक्रमात तसंच बोटांनी चालताना पाहिलं.

"आमच्या वेळी फार सोपं होतं हो, वहिनी," ते मला म्हणाले होते. "घरांना पिवळा रंग, बाजाराला निळा, बागेला हिरवा. मोटार इथून निघून तिथे बिनअडथळा पोचते, एवढं बघितलं की नकाशा पास. आता ऊन नकाशात घ्यावं लागतं, हवा घ्यावी लागते, पाणी कुठे तुंबेल ते घ्यावं लागतं, म्हातारी माणसं घ्यावी लागतात. तेव्हा ही माणसं नव्हती असं नाही. आम्हीच बघितलं नाही."

ऊन नकाशात कसं घ्यायचं, हे त्यांनी एकदा महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या अधिकाऱ्यांना शिकवलं. ही गोष्ट मला राबियावहिनींनी सांगितली, त्यामुळे थोडं तिखटमीठ धरून चालावं. ही मंडळी आधुनिक शहर म्हणजे काय ते शिकायला दिल्लीत आली होती, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरली होती. व्याख्यानाचा हॉल थोड्या अंतरावर. मे महिन्याची दुपार, गाड्या दारात उभ्या. परकारसाहेबांनी गाड्या परत पाठवल्या आणि म्हणाले, चला, पायी. अधिकारी एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत असे उड्या मारत निघाले. पुढे एका ठिकाणी झाडं संपली. शेवटच्या कडुनिंबाखाली सगळे थांबले, आणि पुढे पाऊल टाकायला कुणी तयार होईना. एकजण म्हणाला, "साहेब, इथून रिक्षा करू या का?"

"बघा," परकारसाहेब म्हणाले, "इथे शहर संपलं. पुढे नुसता रस्ता आहे. झालं तुमचं व्याख्यान, चला सदनात जेवायला."

आता त्या बोळाकडे येते. आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्या मधून एक बोळ जातो. एका टोकाला मोठा रस्ता आणि त्यापलीकडे मेट्रोचं स्टेशन. दुसऱ्या टोकाला जुनं गाव. शहर वाढता वाढता अशी गावं पोटात घेतं. या गावातल्या चौधरी लोकांनी जमिनी गेल्यावर चार-चार मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत फॅक्टरीतले कामगार, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बायका, आणि स्पर्धा परीक्षांसाठी आलेली आपली मराठवाड्याकडची, विदर्भातली मुलंमुली. बोळ सरकारी होता, सगळ्यांना चालायचा. पण आमची एक स्कूटर चोरीला गेली, शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंची साखळी ओढली गेली, आणि दोन्ही सोसायट्यांनी एकमत करून बोळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी गेटं लावली, कुलपं घातली आणि आत आपापल्या गाड्या उभ्या केल्या. त्यातली एक आमची होती.

गावातल्या लोकांना मग मेट्रोला जायला मोठा वळसा पडायचा. त्या बाजूच्या रस्त्याला फूटपाथ नाही, शेजारी नाला, आणि माल वाहणारे ट्रक. त्याच रस्त्याने अश्विनी जायची. अश्विनी लातूरकडची. गावातल्या एका खोलीत चौघी मुली राहायच्या, त्यातली ही. आमच्या मुलांचं मराठी फारच ढासळलं म्हणून रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तिचा वर्ग आम्ही सुरू केला होता. म्हणजे आमच्या पोरांना "उंबरठा" शिकवायला ती आमच्याच कुलपाला वळसा घालून येत होती. एका संध्याकाळी मोटरसायकलवरच्या दोघांनी तिची बॅग ओढली, ती ट्रकच्या पुढ्यात पडता पडता वाचली, उजवं मनगट मुरगळलं. मुख्य परीक्षा काही महिन्यांवर, आणि ती सगळी हाताने लिहायची. वडिलांनी फोनवर सांगितलं, बस झालं, परत ये.

परकारसाहेब तिला बघायला गेले होते. तिथून आले ते थेट आमच्या घरी. पाण्याचा पेला हातात तसाच. म्हणाले, "वहिनी, त्या पोरीला मी पाडलं."

मला काही समजलं नाही. त्यांनी ते आमच्या वार्षिक सभेत सांगितलं तेव्हा समजलं.

आमचे अध्यक्ष बापटसाहेब, गृहखात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे, पण सभेत प्रत्येकाकडे जामीन नाकारल्यासारखं बघायची सवय. परकारसाहेबांनी सेक्टरचा नकाशा टेबलावर पसरला आणि बोटांचे दोन पाय बोळात उतरवले.

"आता मी अश्विनी आहे," ते म्हणाले. "क्लासहून आले. गेट उघडं आहे असं धरू. बोळात शिरले. डावीकडे काय? भिंत. उजवीकडे काय? भिंत. एक दार नाही, एक खिडकी नाही. मला पलीकडून कुणी येताना दिसलं तर मी हाक कुणाला मारू?" मग त्यांनी बोटं उचलली. "हा बोळ मी आखला. नवा होतो. दोन सोसायट्यांच्या पाठी एकमेकींकडे केल्या, मधे पट्टी सोडली. कागदावर फार नीटस दिसत होती. सगळ्यांनी पाठ फिरवलेली जागा मी माणसांना चालायला दिली. इथे चोरी होणारच होती. चूक माझी आहे."

आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या आम्हा मंडळींना "चूक माझी आहे" हे वाक्य ऐकायची सवय नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. बापटसाहेब मात्र लगेच सावरले.

"बिल्कुल," ते म्हणाले. "खुद्द प्लॅनरच म्हणतायत की बोळ चुकीचा आहे. मग बंद केला तेच बरोबर ना? मी तर म्हणतो गेट कशाला, सरळ भिंतच घालू. अश्विनीचं म्हणाल तर, अच्छी लडकी आहे यार, तिला आपण एक चावी देऊन टाकू."

अश्विनी मनगटाला पट्टी बांधून मागच्या खुर्चीवर बसली होती. ती उभी राहिली. "काका, मला एकटीला नको," म्हणाली. "आम्ही खोलीत चौघी आहोत. आणि खालच्या मजल्यावरच्या मावशी आहेत, त्या तुमच्याकडेच कामाला येतात."

"एका माणसाला देतात ती चावी, बापटसाहेब," परकारसाहेब म्हणाले. "मी रस्ता मागतोय."

मतदान झालं. परकारसाहेबांचं पार पानिपत झालं. गणपती होऊ देत, मग दोन्ही टोकांना गवंडी लावून भिंत घालायची असं ठरलं. आमचा गार्ड रामफल पानिपतचाच. त्याला बिचाऱ्याला आम्ही का हसतोय ते कळलं नाही.

मी परकारसाहेबांना म्हटलं, बोळ सरकारी आहे, तुमच्या जुन्या ऑफिसात एक अर्ज टाका, उद्या येऊन गेट तोडून जातील. त्यांनी मान हलवली. "तोडतील. आठवड्याने तुम्ही नवं लावाल. भीती तशीच राहिली तर गेट काढून काय फायदा?" मग ते त्यांच्या गावाबद्दल बोलायला लागले. त्यांच्याकडे पाणवठ्यावर जायची वाट त्यांच्याच खळ्यातून जायची. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. सगळं गाव, सगळ्या जातीधर्माचं, त्यांच्या अंगणातून जायचं. आजी पडवीत सुपारी कातरत बसलेली असायची आणि प्रत्येकाला विचारायची, "कुठे निघालात?" तेवढंच. ना कुलूप, ना कुंपण. "त्या वाटेने चोर कधी आला नाही," ते म्हणाले. "आला असता तर आजीला उत्तर काय देणार होता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापटसाहेबांकडे मागच्या भिंतीला एक खिडकी आणि एक दार पाडायची परवानगी मागितली. बापटसाहेबांना वाटलं वारा हवाय. दिली. त्यांच्या घराची ती कोठीची खोली. वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या, गव्हाचे डबे, जुन्या गाद्या, सगळं तिथे. गवंड्याने पहिला घाव घातला तेव्हा वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या, डोळ्यांत पाणी. "जन्मभर लोकांची घरं आखली या माणसाने," म्हणाल्या, "आता माझं मोडतोय."

खिडकी मोठी झाली, जमिनीपासून कमरेइतकी. दाराला पायरी, पायरीवर खुर्ची. मग परकारसाहेब परत बापटसाहेबांकडे गेले. गणपतीपर्यंत सकाळ-संध्याकाळ कुलूप काढा, मी तिथे बसतो. काही चोरीला गेलं तर भिंतीची पहिली वीट मी माझ्या हाताने ठेवीन. बापटसाहेबांनी हिशेब केला असणार की दिल्लीच्या जुलैतल्या उकाड्यात हे साहेब चार दिवसांत घरात पळतील. "चलो, ट्राय करून बघा," म्हणाले.

परकारसाहेब पळाले नाहीत. गंजिफ्रॉक, लुंगी, हातात वर्तमानपत्राचा पंखा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, "कहाँ चले?" दिल्लीत असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं तर माणूस आधी खिसा चाचपतो. पहिले काही दिवस लोक त्यांना सरकारी हेर समजले. एका कामगाराने उलट विचारलं, "आपको क्या?" परकारसाहेब म्हणाले, "कुछ नहीं, बस पूछ रहा हूँ." तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगून गेला, ड्यूटीला चाललोय. गावाच्या टोकाला एका चौधरींच्या म्हाताऱ्या आईने, जिला सगळे ताई, म्हणजे थोरली काकू, म्हणतात, हा प्रकार पाहिला आणि तिनेही गेटाजवळ आपली खाट आणि हुक्का आणून टाकला. मग बोळाच्या या टोकाला परकारसाहेब, त्या टोकाला ताई. दोघं मोठमोठ्याने बोलत, त्यामुळे मधल्या माणसाला एकटं वाटायची सोयच राहिली नाही. वहिनींचा राग आठवडाभर टिकला. मग कोठीत वारा येतो म्हणून त्याही शेंगा सोलायला तिथेच बसू लागल्या. आमच्या घरच्यांनी गाडी तिथून हलवली. शेजारच्या सोसायटीतल्या एकाने कुणी न सांगता आपल्याही भिंतीला खिडकी पाडून घेतली.

यात एक घोटाळा झाला. तो फक्त आपल्याच लोकांत होऊ शकतो. अश्विनीने वडिलांना पटवलं होतं की आता बोळ उघडा आहे, मी थांबते. मनगट बरं झालं, मुख्य परीक्षा आली. पहिल्या पेपरच्या सकाळी ती कपाळाला अंगारा लावून, देवाचं नाव घेत बोळातून निघाली, आणि परकारसाहेबांनी पायरीवरून प्रेमाने विचारलं, "कुठे निघालीस, अश्विनी?"

पोरीचा चेहरा उतरला. बाहेर पडणाऱ्याला "कुठे" म्हणून विचारायचं नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. तिने पाठ फिरवली, खोलीवर परत गेली, घोटभर पाणी पिऊन बसली आणि मग पुन्हा निघाली. परकारसाहेब घाबरून माझ्याकडे आले. "वहिनी, मी काय केलं?"

मी सांगितलं. त्यांच्या आजीच्या गावी हे असलं काही नसावं, किंवा आजी कुणाचं ऐकत नसावी. परीक्षा तिची आणि दिवसभर पाणी यांच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी ती परत येताना दिसली तेव्हा हातात साखरेची वाटी घेऊन बोळात उभे, आणि चाचरत विचारलं, "कुठून... कुठून आलीस?"

ती हसली. "पेपर देऊन आले, काका. बरा गेला."

त्या दिवसापासून बोळाचा नियम बदलला. जाणाऱ्याला "जाऊन या", येणाऱ्याला "कुठून आलात". रामफलला आणि ताईलाही त्यांनी तो समजावून दिला. ताईला कारण अजिबात पटलं नाही, पण मास्टर म्हणतोय तर ठीक, असं म्हणून तीही येणाऱ्याला "कित तै आया?" विचारू लागली. अश्विनी त्या वर्षी पास झाली नाही, आणि तिने त्याचं खापर त्या "कुठे"वर फोडलं, अगदी त्यांच्या तोंडावर. ते ओशाळून हसायचे. पण ती परत गेली नाही. गावातच राहिली, आणि दोन परीक्षांनंतर महाराष्ट्रात राज्यसेवेत लागली.

गणपती झाले. भिंतीचा विषय सभेत आला. परकारसाहेब नकाशा घेऊन आले होते, बोटांचे पाय तयार होते, पण त्यांना बोलायची वेळच आली नाही. बापटसाहेबांनी ठरावाचा कागद वाचायला घेतला तोच मागच्या रांगेतून त्यांच्याच सौभाग्यवती उठल्या.

"बोळ उघडल्यापासून कमला सात वाजता हजर असते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वळसा घालून यायची, साडेआठ वाजायचे. भिंत घालायची असेल तर घाला. भांडी तुम्ही घासा."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ठराव पडला. कागदपत्रांत कारण "सार्वजनिक हित" असं लिहिलंय. बाहेर आल्यावर मी परकारसाहेबांना म्हटलं, तुमच्या शास्त्राचा विजय झाला म्हणायचा. "भांड्यांचा झाला," ते म्हणाले. "मला चालतो."

नंतर बोळात आणखी दोन दारं झाली, एका शिंप्याने मशीन टाकलं, दिवा लागला. गेटं तशीच आहेत, पण त्यांच्यावर आता कपडे वाळत घालतात. परकारसाहेबांच्या खुर्चीची गरज हळूहळू संपली. ते मात्र बसायचे. नवीन प्लॅनर पोरापोरींना तिथे बोलवायचे, चहा पाजायचे आणि सांगायचे, "मी काय केलं ते बघू नका, मी काय चुकवलं होतं ते बघा. ते सगळीकडे चुकवलेलं सापडेल." मला वाटतं, हे म्हणायला जो मोठेपणा लागतो तो मी आमच्या एवढ्या मोठ्या सरकारी दिल्लीत फार थोड्यांजवळ पाहिला.

त्यांची दिल्ली सुटली ती हवेमुळे. दिवाळीनंतर इथे आकाश राखाडी होतं, घसा खवखवतो. आम्ही खोकतो आणि विसरतो. त्यांच्या छातीने विसरायचं नाकारलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक हिवाळा इथे काढू नका. एकदा पायरीवर बसून म्हणाले, "खिडकी पाडून वाट उघडता येते, वहिनी. हवेला मी काय करू? ते आता त्या पोरांचं काम." खेडला भावाच्या शेजारी घर मिळालं. इथला फ्लॅट एका तरुण जोडप्याने घेतला.

निघायच्या दिवशी टॅक्सी पुढच्या गेटाशी आली. वहिनी, सामान आणि आमचे हे टॅक्सीतून स्टेशनवर निघाले. परकारसाहेब म्हणाले, मी मेट्रोने येतो. सगळ्यांनी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणून मी बोळापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळची वेळ, दोन्हीकडून माणसं. हातात काठी, खिशात श्वासाचा पंप, ते अगदी सावकाश चालत होते, आणि अधूनमधून भिंतींकडे बघत होते.

मागून एक मुलगी भरभर आली. पाठीला क्लासची बॅग, कानात फोनची वायर, नवीनच असावी. "अंकल, साइड," ती म्हणाली, आणि वाट मिळायच्या आधीच त्यांच्या खांद्याला घासून पुढे गेली.

मला संताप आला. मी तिला हाक मारणार होते, अगं, तू कुणाला बाजूला करतेयस ते माहीत आहे का? परकारसाहेबांनी हात वर करून मला थांबवलं. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, एकेकाळच्या आपल्या खिडकीखाली, आणि आवाज न करता हसत होते, कारण आवाजापुरता श्वास नव्हता. ती मुलगी, तिच्यामागून डबा घेतलेला कामगार, मग दोन बायका, कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला भरून आलं, आणि ते त्यांना दिसलं.

"येतो, वहिनी," ते म्हणाले.

"जाऊन या," मी म्हटलं.

मग ते काठी टेकत निघाले, आणि मेट्रोकडच्या टोकाला दिसेनासे होण्याआधी आणखी दोघांसाठी बाजूला झाले.